चुन्याची डबी

पाचगणीत, सिल्व्हर ओकच्या सावलीत,
बंगल्याच्या उत्तरेकडच्या भिंतीलगत
तीन रोपं लावली. जन्मभर गुडघ्याएवढीच राहणारी.
कालिंपाँगहून खोक्यात आली, ओल्या शेवाळात गुंडाळून.
खोर्शेदबाईंनी चष्मा पुसून चिठ्ठी वाचली:
ऱ्होडोडेंड्रॉन, बुटकी जात, लाल फूल,
कोवळं ऊन चालेल, दुपारचं नाही.
मग माझ्याकडे बघून म्हणाल्या,
"हवालदार, हे तर तुझ्यासारखंच. दुपारी सापडत नाही."

मी हसलो.
ह्या झाडाला मी ओळखतो
हे काही बोललो नाही.

सेला खिंडीच्या अलीकडं आमची चौकी होती.
मे उजाडला तरी डबीतला चुना गोठायचा.
जतचा बिरू ती डबी काखेत धरून बसायचा,
अंडं उबवावं तशी,
मग एका चिमटीत दोघांची सोय.
बर्फ मागं सरकलं की उतारावर ही झुडपं,
लाल. नाव कुणालाच ठाऊक नाही.
पानं कण्हेरीगत, म्हणून आम्ही म्हणायचो बर्फकण्हेर.
खेचरंसुद्धा तोंड लावत नसत.
बिरू म्हणायचा, शहाणं झाड हाय,
आमच्या मेंढरांत टिकंल.

इथं मात्र जपावं लागलं.
मुळं ह्याची वरवरची,
परातीत वाळत घातलेल्या शेवयांसारखी.
खुरपं नाही, तण दोन बोटांनी काढायचं.
पावसाळ्यात पाणी तुंबलं तर आठ दिवसांत खेळ खलास,
म्हणून जांभ्याचे खडे अंथरून वर मातीचा उंचवटा केला,
त्यावर पाचोळा, वीतभर, सिल्व्हर ओकचाच.

पहिल्या दिवाळीनंतर पानं पिवळी पडली.
शिरा तेवढ्या हिरव्या,
नकाशातल्या नद्या असतात तशा.
पाणी वाढवलं. कमी केलं. बाईंनी शेण सांगितलं,
तेही घातलं, उगाच.
मग एका सकाळी तिथंच उकिडवा बसलो होतो
तेव्हा भिंत दिसली.
सणासाठी पांढरी केलेली, ओघळ थेट मुळांत.
आणि त्याखाली, जुन्या रंगावर,
माझ्याच बोटाचे पट्टे, एकाखाली एक.
तंबाखू मळायची, बोट भिंतीला पुसायचं,
वर्षानुवर्षं, ह्याच गार जागी बसून.

लोक लोकांना चुना लावतात,
मी झाडाला लावला.

वरची माती खरवडून काढली.
जांभळीखालची काळी, कुजक्या पानांची आणून भरली.
नळाचं पाणी बंद, पिंपात साठवलेलं पावसाचं तेवढं.
तंबाखू सुटली नाही, खोटं कशाला बोलू.
डबी फाटकाच्या खांबावर ठेवली.
हात धुतल्याशिवाय आत पाऊल नाही.
बाईंना वाटलं, हवालदार धार्मिक झाला.

तिसऱ्या वर्षी, फेब्रुवारी सरता सरता,
मधल्या रोपाला एक गुच्छ.
आठ घंटा. मोजल्या.
बाई काठी टेकत आल्या, वाकल्या.
"बस, एवढंच?"
आणि हातातला चहा पार निवेपर्यंत
तिथून हलल्या नाहीत.

मी फोटो काढून बिरूच्या नातवाला पाठवला.
बिरूचे गुडघे गेलेत, फोन तो स्वतः उचलत नाही.
दोन दिवसांनी उत्तर आलं,
नातवानं लिहिलेलं, पण बोलणं त्याचंच:
"बर्फ कुठं गेलं?"

काय सांगणार.

ह्या दिवाळीला वाईचा शौकत रंगारी बादली घेऊन आला.
म्हटलं, इथपासून तिथपर्यंत, जमिनीपासून दीड हात,
तेवढं राहू दे.
त्याला वाटलं, मालकीण पैसे वाचवतेय.
भिंत तिथं काळपट दिसते.
पाहुणे विचारतात.